ही ओळ काढू नका

घड्याळात दोन वाजलेत.
गोंदारमध्ये तास सूर्य उगवल्यापासून मोजतात,
म्हणजे आपल्या हिशेबानं सकाळचे आठ.
कोर्टाच्या फाटकासमोर, अर्ज टाइप करून देण्याच्या टपरीत
तिर्सितनं लॅपटॉप उघडला.

रात्रभर वीज टिकली होती,
त्यामुळे अपडेट पूर्ण झालं.
आणि आता उजव्या कोपऱ्यात एक पिवळा त्रिकोण,
त्याच्या शेजारी सभ्य इंग्रजीत:
आयबस यापुढे वेलँडच्या हातूनच सुरू व्हावं,
जुने चल काढून टाकावेत.
कुठले, कुठून, ते नाही.
अर्धं बोलायचं आणि दार ओढून घ्यायचं,
इशाऱ्यांची रीतच ती.

तिनं फुली दाबली. तो गेला.
पुन्हा आला.

बाकावर अझेझोहून आलेले आतो हब्तामू,
मांडीवर फेटा, फेट्यात गुंडाळलेला जमिनीचा कागद.
अर्ज 'ले'नं सुरू होतो.
ले म्हणजे आपल्याकडचा शेवटचा 'स':
न्यायालयास, साहेबास.
त्यांच्याकडे तो आधी येतो.

तिनं एल दाबला. पायमोडका ल् उमटला.
मग ई दाबला, तर तो आत शिरेचना,
उंबऱ्याबाहेर रोमन लिपीतच उभा,
चपला हातात घेऊन.
तिथं स्वर अक्षराच्या अंगातच मुरतो,
बारा नव्हे, सात तऱ्हांनी:
कुठं पाय आखूड होतो, कुठं कमरेला कडी लागते.
असा वेगळा काढून कुणी कधी पाहिलेला नसतो.
तिला उगाच लाज वाटली,
कुणाला तरी अर्ध्या कपड्यांत पाहिल्यासारखी.

आयबस बंद करून चालू केलं.
कळफलक बदलून पाहिला.
यंत्र झोपवलं, उठवलं; बॅटरी एकतीस टक्के.
मग 'पाहुणा' नावाचं नवं खातं काढलं,
आणि तिथं ल् आणि ए
काही झालंच नाही अशा थाटात एक झाले.

म्हणजे खोट यंत्रात नाही.
घरात आहे.

नावाआधी ठिपका असला की फाईल लपते.
तिनं लपलेल्या सगळ्या उजेडात आणल्या,
एकेक वाचत गेली,
आणि 'प्रोफाइल'च्या तळाशी:

# ही ओळ काढू नका. देरेसे.

खाली ती ओळ.
जीटीकेचं मोड्यूल बरोबर आयबस.

देरेसे इथंच बसायचा, याच खुर्चीत,
डाव्या हातानं ब्रेड खात उजव्यानं टाइप करायचा.
आता जिबूतीच्या बंदरावर कंटेनर मोजतो.
तिनं आवाजी निरोप धाडला.
शेजारणीच्या कॉफीचा पहिला घोट झाला, दुसरा,
तिसऱ्याचं पाणी चढलं तेव्हा उत्तर आलं,
मागे क्रेनची घरघर:
"कुठली ओळ?
मी लिहिली?
असेल बाई. तेव्हा लागत होती."

तिनं काढली नाही.
तिच्याही आधी एक # ठेवला,
जसा त्यानं आपल्या वाक्याआधी ठेवला होता.
आता दोन्ही ओळी यंत्राला दिसत नाहीत,
फक्त वाचणाऱ्याला दिसतात.

बाहेर पडून पुन्हा आत.
कोपरा रिकामा.
ल्. ए. ले.

"झालं?" आतो हब्तामूंनी विचारलं.
"सुरू झालं," ती म्हणाली. "सांगा."

हद्दीच्या दगडाचं होतं.
वडिलांनी रोवलेला, शेजाऱ्यानं हलवला,
सहा पावलं, की आठ,
यावर ते बराच वेळ अडले.
शेवटी नाव.
तिथं 'ह' तीन आहेत, आवाज तिघांचा एकच,
कागदावर दोन ठिकाणी दोन वेगळे.

"तुमचा ह कोणता?" तिनं विचारलं.

म्हातारा थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला.
"कुठलाही घाल," म्हणाला,
"हाक मारलीस की मी बघतो."